डॉग शोमध्ये कसं वागावं: दोरीच्या आतल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी

रिंगमध्ये, म्हणजे दोरी लावून आखलेल्या स्पर्धेच्या चौकात, एका कुत्र्याच्या वाट्याला जजची साधारण दोन-अडीच मिनिटं येतात. तेवढ्या वेळात जजला दात बघायचे असतात, खांद्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा असतो आणि चाल पुढून, मागून, बाजूनं पाहायची असते. डॉग शोमधले बहुतेक रीतिरिवाज या अडीच मिनिटांसाठीच आहेत. दोरीला टेकून कुणी बिस्किटाचा पुडा फोडला, शेजारच्या हँडलरनं (कुत्रा रिंगमध्ये फिरवणाऱ्यानं) आपला कुत्रा पुढच्याच्या अंगावर नेला किंवा पुकारा होऊनही कुणी वेळेवर आलं नाही, की कुणाची तरी ती मिनिटं वाया जातात. त्या मिनिटांसाठी त्या माणसानं कित्येक महिने खाणं, व्यायाम आणि केसांची निगा सांभाळलेली असते.

इथं मुख्यतः केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांखाली होणाऱ्या चॅम्पियनशिप शोंबद्दल, म्हणजे चॅम्पियन किताबासाठीची सर्टिफिकेटं मिळतात अशा शोंबद्दल, लिहिलं आहे. १८९६ साली स्थापन झालेली ही संस्था चेन्नईतून चालते आणि गावोगावचे क्लब तिच्याशी संलग्न असतात. आपल्याकडे शो साधारण थंडीच्या महिन्यांत भरतात, कारण उन्हाचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी एकाच शनिवार-रविवारी, कधी एकाच दिवशी, वेगवेगळ्या जजांखाली दोन शो घेतात. त्यामुळे सकाळच्या रिंगमधला उशीर संध्याकाळच्या शेवटच्या लाइन-अपपर्यंत सरकत जातो.

कुत्रा उतरवणाऱ्यांची तयारी

एंट्रीची मुदत शोच्या बरीच आधी संपते, तेव्हा मैदानावर जागेवर एंट्री मिळेल या भरवशावर गाडी काढू नका. फॉर्म भरताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, कुत्रा विकत घेतला तरी नोंदणी अजून ब्रीडरच्याच नावावर असते. मालकी हस्तांतराचे कागद आधी पूर्ण करा. दुसरी, वयाचा वर्ग फॉर्म भरण्याच्या दिवसावरून ठरवला जातो. वय मोजायचं ते शोच्या तारखेला. शेड्यूलमध्ये (क्लबनं काढलेल्या शोच्या माहितीपत्रकात) वर्गांच्या मर्यादा महिन्यांत दिलेल्या असतात, त्या शोच्या तारखेशी ताडून बघा.

ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर पंधरा आकडी असतो आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी गेटवर अडचण होते. कुत्रा शोला नेण्याआधी आपल्या डॉक्टरांकडे एकदा स्कॅन करून घ्या. चिप कधी कधी मानेच्या मागून खांद्याकडे सरकलेली असते. ती नेमकी कुठं आहे हे ठाऊक असेल तर तपासणाऱ्याला दाखवता येतं आणि मागची रांग खोळंबत नाही.

लस शोच्या आदल्या आठवड्यात टोचून आणू नका. रेबीजची पहिली लस अंगी लागायला साधारण तीन आठवडे जातात. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांच्या लसींचे डोसही पूर्ण झालेले हवेत आणि लसीचं पुस्तक सोबत हवं. गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आधीच करा. मैदानावर शंभर कुत्रे हिरवळीवर बसलेले असताना एका कुत्र्याच्या गोचिडी सगळ्यांच्या घरी जातात आणि त्यांच्यामागून टिक फीव्हर. खोकणारा किंवा जुलाब होत असलेला कुत्रा घरीच ठेवा. एंट्रीचे पैसे बुडतील, बुडू द्या.

मादी माजावर असेल तर आधी शेड्यूल वाचा. परवानगी असली तरी तिला गर्दीच्या गेटजवळ किंवा रिंगच्या तोंडाशी ताटकळत उभं करू नका. तिचा क्रम येईपर्यंत गाडीशी, सावलीत, क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) ठेवा. रिंगमध्ये शिरण्याआधी स्टुअर्डच्या (रिंगची व्यवस्था बघणाऱ्या जजच्या मदतनिसाच्या) कानावर घाला, तो तिला रांगेत शेवटी उभी करू शकतो. एरवी तिच्यामागचे सगळे नर नाक जमिनीला लावून चालतात आणि जजला एकाचीही मान दिसत नाही.

बाहेरगावचा शो असेल तर रेल्वेचा विचार तिकीट काढण्याआधी करा. एसी टू टायर, थ्री टायर आणि स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. एसी फर्स्टमध्ये अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये. दोन्ही बाबतीत पार्सल ऑफिसात गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी हजर राहून बुकिंग करावं लागतं. बहुतेक लोक म्हणूनच स्वतःच्या गाडीनं येतात, आणि क्रेट असेल तर कुत्र्यालाही तेच बरं पडतं.

मैदानावरची जागा

आपल्याकडे कुत्र्यांना नेमून दिलेले कट्टे नसतात. इंग्लंडच्या क्रफ्ट्समध्ये प्रत्येक कुत्र्याला क्रमांकाचा बेंच मिळतो, आपल्याकडे ज्यानं आधी येऊन सतरंजी टाकली त्याची ती जागा. एका कुत्र्यामागे दोन क्रेट, एक टेबल आणि चार खुर्च्या पसरून झाडाखालची सगळी सावली अडवू नका. क्रेटची तोंडं समोरासमोर आली तर दोन नर दिवसभर एकमेकांवर गुरगुरत बसतात. तोंड भिंतीकडे किंवा आपल्या खुर्चीकडे करा.

ग्रूमिंग टेबलवर गळ्यात फास अडकवलेला कुत्रा एकटा सोडून जाऊ नका, चहा आणायलासुद्धा नाही. त्यानं टेबलावरून उडी मारली तर तो लटकतो. ड्रायर लावायचा असेल तर झोत शेजाऱ्याच्या कुत्र्यावर जाणार नाही असा धरा. पांढऱ्या कुत्र्याला पावडर फासताना वारा कुठून येतोय तेही बघा, शेजारी काळा लॅब्राडोर उभा असतो.

लांबत जाणारा, बटणाचा पट्टा गर्दीत वापरू नका. पाच मीटर सुटलेली बारीक दोरी माणसांच्या पायांत आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या मानेत अडकते. गर्दीत साधा चार-पाच फुटी पट्टा हातात आखूड धरा. शो लीड, म्हणजे रिंगमधली खास दोरी, रिंगमध्ये जातानाच घाला. ती बारीक असते आणि घाबरलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून सहज निसटते.

विष्ठा उचलायच्या पिशव्या लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. मैदान बहुधा एखाद्या कॉलेजचं, शाळेचं किंवा संस्थेचं असतं. पुढच्या वर्षी ते मिळतं की नाही हे सोमवारी सकाळी तिथल्या माळ्याला काय दिसतं यावर बरंचसं ठरतं.

भरपेट जेवण शोच्या सकाळी नको. तीन-चार तास आधी नेहमीच्या निम्मं खाणं द्या आणि पाणी थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. ग्रेट डेन, डोबरमनसारख्या खोल छातीच्या जातींत पोट भरल्यावर लगेच पळवलं तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. त्यात जीव जातो.

रिंगमध्ये

आपला वर्ग कधी येणार यावर लक्ष ठेवणं हे तुमचं काम आहे, स्टुअर्डचं नाही. आधीच्या जातीचा शेवटचा वर्ग सुरू झाला की क्रमांकाचा आर्मबँड डाव्या दंडावर, कुत्रा शी-शू करून तयार, तुम्ही रिंगच्या तोंडापाशी. एकाच वेळी दोन रिंगमध्ये दोन कुत्रे उतरवणार असाल तर दोन्हीकडच्या स्टुअर्डना आधी सांगा आणि दुसरा हँडलर ठेवा. जज थांबायला बांधील नाही.

कपडे स्वच्छ, नीटनेटके, कुत्र्याच्या रंगापेक्षा वेगळे. काळ्या कुत्र्यामागे काळी पँट असली की पाठीची रेघच दिसत नाही. खिशात किल्ल्या आणि सुटे पैसे नकोत, खुळखुळतात. ओढणी, लोंबणारं ओळखपत्र, सैल झब्बा हे वाकताना कुत्र्याच्या तोंडावर येतात. बूट रबरी तळाचे घाला, सकाळच्या दवात गवत निसरडं असतं.

रांगेत पुढच्या कुत्र्यापासून पाच-सहा फूट अंतर ठेवा. सगळ्यांनी मिळून फेरी घ्यायची असते तेव्हा सर्वांत पुढचा हँडलर मागं वळून बाकीचे तयार आहेत का ते पाहतो आणि मग निघतो. जाणत्या हँडलरला हे सांगावं लागत नाही. तुमचा कुत्रा इतरांपेक्षा वेगानं चालणारा असेल तर सुरुवातीलाच स्टुअर्डला सांगून पुढं उभे राहा. मधूनच ओलांडून जाणं किंवा पुढच्याच्या शेपटीशी आपल्या कुत्र्याचं नाक नेणं हा सरळसरळ त्रास आहे. पुढचा कुत्रा दचकतो, चाल मोडते, आणि काही जण हे मुद्दाम करतात हे सगळ्यांना कळतं.

कुत्रा नेहमी जज आणि तुम्ही यांच्या मध्ये हवा. गोल फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं असते, म्हणून कुत्रा डाव्या हाताला असतो. जजनं त्रिकोण सांगितला तर त्रिकोण, सरळ जाऊन परत या म्हटलं तर तसंच. समजलं नाही तर पुन्हा विचारा, त्यात कमीपणा नाही. चुकीची आकृती चालून दाखवली तर वेळ दुप्पट जातो. लीड इतकी ताणून वर धरू नका की पुढचे पंजे जेमतेम टेकतील. तशानं खांद्याची हालचाल आखडते आणि जजला दोष नसलेल्या कुत्र्यात दोष दिसतो.

तपासणीला लहान जाती टेबलवर घेतात: पग, डॅक्सहुंड, बीगल, शिह त्झू वगैरे. टेबलवर चढवणं-उतरवणं तुमचं काम. पंजे टेबलच्या कडेपासून थोडे आत ठेवा, कड जाणवली की कुत्रा मागं रेलतो. मोठ्या कुत्र्याला जमिनीवर उभं करा: पुढचे पाय खांद्याच्या सरळ खाली, मागच्या पायांची घोट्यापासून खालची हाडं जमिनीला काटकोनात. जज समोरून येईल तेव्हा तुम्ही बाजूला सरका, मध्ये डोकं घालू नका. दात तुम्ही दाखवायचे की तो स्वतः बघणार, हे त्याच्या हाताच्या हालचालीवरून कळतं. ओठ वर करताना नाक दाबू नका.

जजशी बोलणं फक्त विचारलं तर. तो बहुधा वय विचारतो. उत्तर महिन्यांत द्या, ‘चौदा महिने’. त्याच्यापुढं बापाचं नाव, मागच्या शोमधलं बक्षीस, ब्रीडरचं कौतुक, यातलं काही काढू नका. जज आदल्या रात्री तुमच्याच हॉटेलात दिसला तरी नमस्कार करून पुढं व्हा. परदेशी जज असेल तर फोटो काढायची हौस निकाल पूर्ण लागल्यावर भागवा.

बेट (कुत्र्याचं लक्ष वेधायचा खाऊ) म्हणून बहुतेक जण कोंबडीची उकडलेली कलेजी वापरतात. दहा-पंधरा मिनिटं उकडून, तव्यावर थोडी सुकवून, वाटाण्याएवढे तुकडे केले की हाताला चिकटत नाहीत. तुकडा जमिनीवर पडला तर उचला. गवतात पडलेला कलेजीचा चुरा हे रिंग बिघडण्याचं सर्वांत सामान्य कारण आहे. नंतर येणारा प्रत्येक कुत्रा तिथं येऊन हुंगत थांबतो. आवाज करणारं खेळणं वाजवायचं असेल तर जज तुमच्या कुत्र्याकडं पाहत असतानाच, तेही हळू. दुसऱ्याच्या पाळीत वाजवलं तर तो खोडसाळपणा.

बाहेरून शिट्टी मारून, हाका मारून, रुमाल हलवून घरच्यांनी कुत्र्याचे कान उभे करणं याला डबल हँडलिंग म्हणतात. त्याला मनाई असते. जर्मन शेफर्डच्या खास शोंमध्ये ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे, मालक दोरीबाहेरून पळत सुटतो आणि कुत्रा त्याच्याकडे झेप घेत चालतो. पण सर्व जातींच्या शोमध्ये हे करू नका. शेजारच्या रिंगमधले कुत्रेही त्या हाकेला मान वळवतात.

कुत्रा जजवर गुरगुरला तर ‘कधी करत नाही हो असं’ म्हणू नका, सगळे हेच म्हणतात. डोकं आपल्याकडं वळवून धरा आणि जज काय सांगतो ते ऐका. बाहेर काढलं तर निघून या. दोन कुत्रे एकमेकांना भिडलेच तर कॉलरला किंवा तोंडाजवळ हात घालू नका, माणसांना चावे नेमके तेव्हाच बसतात. दोन्ही बाजूंनी एकेकानं मागचे दोन पाय उचलून सरळ मागं ओढायचं, एकाच वेळी.

निकाल लागल्यावर

पहिल्या आलेल्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करा आणि रिंग रिकामी करा. वर्गात पहिले आलेले कुत्रे चॅलेंजसाठी, म्हणजे वर्गविजेत्यांच्या एकत्र स्पर्धेसाठी, परत बोलावले जातात, तेव्हा रिंगजवळच थांबा. बेस्ट ऑफ ब्रीड (जातीतला सर्वोत्तम) मिळालं तर दुपारी ग्रुप असतो, म्हणजे एका गटातल्या जातींच्या विजेत्यांची स्पर्धा. तो सोडून घरी जाणं हा तुमच्या जातीचा अपमान समजतात, कारण तिथं त्या जातीचा प्रतिनिधी तुम्ही असता.

जजला सर्टिफिकेट न देण्याचाही अधिकार असतो. पुरेसा दर्जा दिसला नाही तर तो पहिला क्रमांक देऊन चॅम्पियन किताबासाठी लागणारं चॅलेंज सर्टिफिकेट रोखू शकतो. त्यावर रिंगमध्ये हुज्जत घालू नका. गुणवत्तेबद्दलचं मत हे जजचं मतच असतं आणि तुम्ही एंट्री भरून तेच विकत घेतलेलं असतं. नियमभंगाची तक्रार मात्र वेगळी: चुकीच्या वर्गात उतरवलेला कुत्रा, चिप न जुळणं वगैरे. ती लेखी, शेड्यूलमध्ये दिलेल्या मुदतीत आणि दिलेली अनामत भरून शो सेक्रेटरीकडे द्यायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली तक्रार तक्रारीत धरली जात नाही, मैत्री मात्र नक्की तुटते.

फक्त बघायला आलेल्यांसाठी

सर्वांत पहिलं: घरचा कुत्रा सोबत आणू नका. एंट्री नसलेल्या कुत्र्याला बहुतेक शोंमध्ये आत सोडत नाहीत. लस अपुरी असलेलं पिल्लू कडेवर घेऊन येणं तर जिवाशी खेळ आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

कुत्र्याला हात लावण्याआधी मालकाला विचारा. रिंगमध्ये जाण्याच्या बेतात असलेल्या कुत्र्याला तर विचारूही नका. तासभर विंचरून बसवलेले केस एका प्रेमळ हातानं विस्कटतात. हँडलर ‘नंतर या’ म्हणाला तर त्याला खरंच नंतर या असं म्हणायचं असतं. काम संपल्यावर तोच माणूस अर्धा तास जातीबद्दल बोलेल. परवानगी मिळाली की हात हनुवटीखालून किंवा छातीकडून न्या, डोक्यावरून नाही. मुलांना हे घरून निघतानाच शिकवा. त्यांच्या हातातलं कुरकुरे-आइस्क्रीम कुत्र्याच्या तोंडाच्या बरोबर उंचीवर असतं.

कारवान आणि पश्मी या आपल्याकडच्या शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत आणखी जपा. मराठवाड्यात, सोलापूर-सांगलीकडे आणि सीमेपलीकडे मुधोळ भागात सांभाळले जाणारे हे कुत्रे अनोळखी माणसाचा हात सहसा सहन करत नाहीत. ते चावरे असतात असं नाही, पण अंग चोरतात आणि एकदा बिचकले की रिंगमध्ये शेपूट पायांत घालून उभे राहतात. बाजूला उभं राहून बघा, डोळ्यात डोळे रोखू नका.

दोरीला टेकू नका, खुर्ची तिच्यापासून हातभर मागं ठेवा. कोपरे मोकळे सोडा, वळताना कुत्र्याला तिथंच जागा लागते. प्लॅस्टिकची कुरकुरणारी पिशवी, छत्री उघडणं, फुगे, फ्लॅश, हे सगळं तपासणी चालू असताना टाळा. मोबाइल सायलेंटवर ठेवा, व्हिडिओ खुशाल काढा. जज नर कुत्र्याच्या मागच्या पायांमध्ये हात घालतो तेव्हा हसू नका. दोन्ही अंडकोष खाली उतरले आहेत का हे तो तपासत असतो. तो दोष वंशात उतरतो म्हणून ही तपासणी असते.

आपल्याला कोणता कुत्रा आवडला हे मोठ्यानं सांगायची घाई करू नका. ‘हा काय उभा केलाय’ असं तुम्ही म्हणता तेव्हा मालकाची आई बहुधा तुमच्या मागंच बसलेली असते. कॅटलॉग विकत घ्या, क्रमांक बघून कुत्र्याचं वय आणि आई-बाप वाचा आणि जजनं पहिला-दुसरा असा क्रम का लावला असेल याचा अंदाज बांधा. वर्ग संपल्यावर टाळ्या वाजवा. ग्रुप आणि बेस्ट इन शोच्या वेळी तर मनसोक्त.

पिल्लू घ्यायचं म्हणून आला असाल तर रिंगच्या तोंडाशी ‘केवढ्याला?’ विचारू नका. नंबर घ्या, नंतर फोन करा, घरी जाऊन आई बघा. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का ते विचारा. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. ‘आजच घेऊन जा’ असं म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

गावच्या शोमध्ये

कृषी प्रदर्शनं आणि जत्रांमध्ये भरणारे श्वान शो हे वेगळं प्रकरण. तिथं चिप किंवा नोंदणी लागत नाही, बऱ्याचदा पशुवैद्यकच परीक्षक असतात आणि गर्दी अंगावर येते. लाउडस्पीकरच्या कर्ण्यापासून कुत्रा जमेल तेवढा लांब बांधा आणि दोन कुत्र्यांत किमान दहा फूट ठेवा. फटाके लावणार आहेत का ते आयोजकांना आधीच विचारा. साखळीचं दुसरं टोक झाडाला बांधून निघून जाऊ नका, कुणीतरी सोबत बसा. मुलं खडे मारतात आणि चावला की दोष कुत्र्यावर येतो.

ऊन

कुत्र्याचं अंग ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ४०च्या वर जायला लागलं की धोका, ४१वर तर मिनिटं मोजायची. बुलडॉग, पग यांना हे सर्वांत आधी होतं. बंद गाडीत कुत्रा ठेवू नका, काच थोडी खाली केली तरी नाही. बाहेर ३० अंश असताना आतलं तापमान दहा-वीस मिनिटांत चाळिशीपलीकडे जातं. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही टिकणार नाहीत.

जीभ खूप बाहेर, लाळ घट्ट, पाय लटपटणं दिसलं की आधी गार करायला लागा, दवाखान्याची गाडी मग. सावलीत नेऊन पोट, मांड्या, पंजे यांवर साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका, खाली वाफ कोंडते. दुसऱ्याच्या गाडीत असा कुत्रा दिसला तर लगेच माइकवरून गाडीचा नंबर पुकारायला लावा.

घरी परतल्यावर, विशेषतः घरात लहान पिल्लं असतील तर, कपडे बदला आणि बूट बाहेरच ठेवा. एक भाग साध्या ब्लीचमध्ये बत्तीस भाग पाणी घालून बुटांचे तळवे त्यात दहा मिनिटं बुडवा. क्रेटचा ट्रे आणि पाण्याचं भांडंही आधी घासून, मग त्याच पाण्यात बुडवून काढा. मातीचा थर राहिला तर ब्लीच तिथंच संपतं.